ताईंना विचारा : एकटं आलेलं पोर

मागच्या अंकात मुंबईला एकट्यानं ट्रेननं जाणाऱ्या एका आजींच्या पत्राला उत्तर देताना मी जाता जाता लिहून गेले होते, की स्टेशनवर किंवा बसस्टँडवर एकटं मूल दिसलं तर बघून न बघितल्यासारखं करू नका, मुलांच्या मदतीचा १०९८ हा फोन नंबर लावा. आजी सुखरूप पोचल्या, त्यांचा फोन आला होता. पण त्या एका वाक्यावर इतकी पत्रं, मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप आलेत की या वेळचं सदर सगळं त्यावरच घेतेय. पाककृती आणि केसगळती पुढच्या महिन्यात, रागावू नका. पत्रं लांब होती ती थोडी कापलीत आणि नावं कुणाचीच देत नाहीये.

ताई, भंवरकुआंला माझी मेस आहे, कोचिंगची मुलं जेवायला असतात. पंधरवड्यापूर्वी एक पोरगा आला, बारा-तेराचा असेल, म्हणाला 'आंटी बर्तन धो दूँगा, खाना दे देना'. नाव विचारलं तर आधी एक सांगितलं, दोन दिवसांनी दुसरंच. गावही एकदा खंडवा म्हणाला, एकदा पाटण्याकडचं काहीतरी. रात्री शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानाच्या ओट्यावर झोपतो. हातावर कोपराजवळ भाजल्याचे गोल गोल डाग आहेत. मी चपला घेऊन दिल्या, जास्त काही विचारलं नाही. आमचे हे म्हणतात पोलिसांच्या भानगडीत पडू नकोस, तिकीट काढून दे आणि गावाला पाठव. मला वाटतं घरीच ठेवून घ्यावा, आमचं मूल लग्न होऊन पुण्याला गेलंय, खोली रिकामी आहे. कॉलनीच्या ग्रुपवर एकानं त्याचा फोटो टाकून 'इसके माँ-बाप को ढूँढने में मदद करें' असंही लिहिलंय. काय करू? — मेसवाल्या काकू, इंदूर

काकू, जेवायला घातलंत, चपला दिल्यात आणि खोदून खोदून विचारलं नाहीत, तिन्ही गोष्टी बरोबर केल्यात. आता जे सांगतेय ते जरा लांब आहे, दुपारी मेसची गर्दी ओसरली की निवांत वाचा.

पहिलं काम, तो फोटो आजच्या आज काढायला लावा. ज्यानं टाकला त्याचा हेतू चांगलाच असणार, पण तुम्ही स्वतःच लिहिलंय की पोराच्या हातावर भाजल्याचे गोल डाग आहेत. असे डाग कशानं पडतात ते तुम्हालाही कळतंय आणि मलाही. ज्यानं ते दिले तो माणूसही फोन वापरतोच की, आणि फॉरवर्ड झालेला फोटो इंदूरहून खंडव्याला पोचायला दहा मिनिटं लागत नाहीत, तो कुणाच्या हातात पडेल याचा काही भरवसा नाही. अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा फोटो छापायला नाहीतर पसरवायला कायद्यानंही बंदी आहे. बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७४ बघा, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे ग्रुपवर असंच्या असं टाका, लोक पटकन डिलीट करतात.

आता त्याच्या दोन नावांबद्दल. पोरगा खोटारडा आहे असं मनात आणू नका. एकट्यानं आलेली मुलं बहुतेक वेळा नाव-गाव फिरवतात, कारण खरा पत्ता सांगितला की त्याच पत्त्यावर नेऊन सोडतील ही भीती असते, आणि ती भीती उगाच नसते. आपण मोठी माणसं काय करतो, मूल दिसलं की पहिला प्रश्न 'घर कहाँ है', दुसरा 'फोन नंबर याद है क्या', आणि मग लगेच तिकीट. तो घरातून का निघाला हे कुणी विचारतच नाही. बापाची दारू असते, सावत्र आई असते, काका नाहीतर ठेकेदार हात टाकत असतो, कधी शाळेत नापास झाला म्हणून पट्ट्यानं मारलेलं असतं, कधी नुसतं घरात खायला नसतं आणि कुणीतरी सांगितलेलं असतं की इंदूरला काम मिळतं. या सगळ्यांना एकच औषध कसं चालेल? म्हणून साहेबांना सांगा, तिकीट काढून पाठवायचं नाही. आधी तो कशापासून निघून आला ते कळू दे, मग परत पाठवायचं की नाही ते ठरेल, आणि ते ठरवणारे तुम्ही-मी नाही.

ते ठरवते बालकल्याण समिती. प्रत्येक जिल्ह्यात असते, इंदूरलाही आहे, एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात निदान एक बाई असावीच लागते. समिती म्हटलं की लोकांना काळा कोट आठवतो, तसं काही नसतं, टेबलाभोवती बसून बोलतात. मुलाला तिथं पोलीसच नेतात असंही नाही, १०९८ वाले नेतात, सामाजिक कार्यकर्ता नेऊ शकतो, तुमच्यासारखी साधी नागरिक नेऊ शकते, आणि कायद्यात हेही लिहिलंय की मूल स्वतः चालत जाऊन उभं राहू शकतं. हे फार कमी लोकांना माहीत आहे. मूल सापडल्यापासून चोवीस तासांत समितीपुढे न्यायचं असतं, प्रवासाचा वेळ सोडून. त्या दिवशी समितीची बैठक नसेल तर एकट्या सदस्यापुढे नेलं तरी चालतं.

म्हणजे पंधरवडा झालाय तो उशीरच आहे, पण घाबरू नका, उद्या सकाळी फोन करा. न कळवण्याबद्दलही शिक्षा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड, पण मी ती धाक घालायला सांगत नाहीये, तुमच्या साहेबांना सांगतेय. पोलिसांची भानगड कळवल्यामुळे होत नाही, न कळवल्यामुळे होते. उद्या त्या मुलाचा बाप ठाण्यात जाऊन म्हणाला की यांनी माझं पोर डांबून ठेवलंय, तर तुमच्याकडे दाखवायला काय आहे? आणि भांडी. काकू, इथं जरा वाईट वाटेल, पण चौदाच्या आतल्या मुलाला कुठल्याही धंद्यात कामाला ठेवणं २०१६ च्या दुरुस्तीपासून पूर्ण बंद आहे, मोबदला म्हणून नुसतं जेवण दिलं तरी ते कामच धरतात, सहा महिने ते दोन वर्षं कैद नाहीतर वीस ते पन्नास हजार दंड. आजपासून त्याच्या हातात भांडं द्यायचं नाही. ताट द्यायचं.

त्याला न्यायच्या आधी काय होणार ते त्याला सांगा. फसवून, 'चल आइस्क्रीम खायला जाऊ' म्हणून नेऊ नका, एकदा फसवलं की तो पुढे कुणालाच खरं सांगणार नाही आणि पहिली संधी मिळाली की पळेल. त्याच्याच भाषेत सांगा, 'वहाँ दीदी बैठती हैं, तेरी बात सुनेंगी, हाथ के निशान मैं भी बताऊँगी, मैं साथ चलूँगी.' घरी पाठवणार नाहीत असं वचन मात्र देऊ नका, ते तुमच्या हातात नाही. तुमच्या हातात इतकंच आहे की त्याला घरी जायची भीती वाटते हे तुम्ही स्वतः तिथं बोलायचं आणि लेखी द्यायचं. पोलीस आलेच तर बालकल्याण पोलीस अधिकारी कोण आहे ते विचारा, प्रत्येक ठाण्यात एक नेमलेला असतो आणि अशा मुलाशी बोलताना त्यानं वर्दी घालायची नसते. विचारायला लाजू नका, विचारणाऱ्याशी लोक नीट वागतात.

पुढे साधारण असं होतं. डॉक्टरी तपासणी होते, मुलाला बालगृहात ठेवतात, आणि घरची चौकशी करायला सांगतात. ती चौकशी, म्हणजे कोण राहतं, काय कमावतात, मारहाण आहे का, भावंडं कशी आहेत, पंधरा दिवसांत यायला हवी आणि समितीचा शेवटचा निर्णय चार महिन्यांत. पोरगा दुसऱ्या जिल्ह्यातला नाहीतर राज्यातला निघाला तर तिथल्या समितीकडे सोबत देऊन पाठवतात, पण तेही चौकशी करून आणि त्याचं भलं त्यातच आहे असं वाटलं तरच. कागदावर हे असं आहे. प्रत्यक्षात पंधरा दिवसांचे दोन महिने होतात, बालगृहं काही चांगली असतात, काही नुसती कुलूपबंद, आणि मुलं तिथूनही पळतात. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. म्हणूनच सांगते, नेऊन सोडलं आणि सुटलो असं करू नका. समितीची परवानगी घेऊन भेटायला जा, पोहे घेऊन जा, कुणीतरी आपली चौकशी करतंय हे त्या मुलालाही कळतं आणि तिथल्या कर्मचाऱ्यांनाही.

रिकाम्या खोलीबद्दल शेवटच्या पत्रात लिहिलंय, तो प्रश्न आणखी एकांनीही विचारलाय.

१०९८ आता बंद झालाय ना? मुलगा म्हणतो ते एनजीओचं होतं. — सुदामा नगर

बंद नाही झाला. १९९६ मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झाला, मग देशभर पसरला, २०२३ पासून सरकारनं स्वतःकडे घेऊन ११२ या तातडीच्या मदतीच्या नंबराला जोडला. नंबर तोच, फुकट, चोवीस तास. रेल्वेत असाल तर १३९. मूल डब्यात एकटं दिसलं तर टीसीला किंवा आरपीएफवाल्याला, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाच्या माणसाला, गाठा, पुढच्या स्टेशनावर उतरवून घेतात.

चि. ताईस आशीर्वाद. मी रामबागेत राहतो, वय ७८. माझा नातू डॅलसला असतो. तो सांगतो की तिकडे मेक्सिकोच्या बॉर्डरवर आठ-नऊ वर्षांची मुलं आईबापाशिवाय एकटी येतात, कित्येकांच्या कपड्यांवर आतून फोन नंबर लिहिलेला असतो. मला एक समजत नाही, हे कसले आईबाप? आम्ही आमच्या पोरांना दहाव्या वर्षापर्यंत राजवाड्यापलीकडे एकटं सोडलं नाही. — एक आजोबा

आजोबा, नमस्कार. राजवाड्यापलीकडे सोडलं नाहीत कारण राजवाड्याच्या अलीकडे घरात सगळं सुरक्षित होतं. समजा घरातच राहणं धोक्याचं झालं असतं तर?

तुमचा नातू सांगतो ती मुलं बहुतेक ग्वाटेमाला, होंडुरास आणि एल साल्वादोर या तीन देशांतली. तिथं एमएस-१३ आणि बॅरियो-१८ अशा टोळ्या आहेत, मुलगा बारा-तेराचा झाला की त्याला सांगतात आमच्यात ये, नाही म्हणालास तर मारू, आणि मारतात. मुलींचं तर काय होतं ते मी इथं लिहीत नाही. शेजारच्या घरातला पोरगा असा गेला की आई जमीन विकून किंवा कर्ज काढून दलालाला पैसे देते आणि लेकराला पाठवते. कित्येक वेळा आई किंवा बाप आधीच अमेरिकेत मजुरीला गेलेला असतो, मूल आजीकडे असतं, आजी थकली की ते आईकडे निघतं. म्हणजे ते टाकून दिलेलं नसतं, कुणाकडे तरी चाललेलं असतं. २०१४ साली अशी ६८ हजारांवर मुलं अमेरिकेच्या दक्षिण सरहद्दीवर पकडली गेली तेव्हा जगभर बातम्या झाल्या, पुढे २०२२ च्या आर्थिक वर्षात आकडा दीड लाखावर गेला. अमेरिकेचा २००८ चा कायदा असा, की शेजारच्या देशाचं नसलेलं एकटं मूल सापडलं तर ७२ तासांत त्याला बॉर्डर पोलिसांच्या कोठडीतून काढून आरोग्य खात्याच्या निवाऱ्यात न्यायचं, मग नातेवाईक शोधून त्यांच्या ताब्यात द्यायचं. मात्र राहू द्यायचं की परत पाठवायचं याचा खटला वेगळा चालतो, आणि त्यात सरकारी खर्चानं वकील मिळण्याचा हक्क नाही. पाय जमिनीला टेकत नाहीत असलं लेकरू खुर्चीत बसून न्यायाधीशापुढे असतं, कधी कधी वकिलाशिवाय. आपण आपल्या व्यवस्थेला नावं ठेवतो ना, त्यात निदान पोराला आरोपीसारखं उभं करत नाहीत.

आणि हे काही अमेरिकेचं किंवा आजचंच नाही. १९३८ च्या डिसेंबरपासून महायुद्ध सुरू होईपर्यंत जर्मनी, ऑस्ट्रिया, चेकोस्लोव्हाकिया इथून सुमारे दहा हजार मुलं, बहुतेक ज्यू, एकटी ट्रेननं आणि बोटीनं इंग्लंडला पाठवली गेली. ब्रिटननं मुलांना येऊ दिलं, आईबापांना नाही. आईबापांनी प्लॅटफॉर्मवर पोरं डब्यात चढवली, एक छोटी बॅग, गळ्यात नंबराची पट्टी, आणि त्यातल्या पुष्कळांना आईबाप परत दिसले नाहीत. प्रागहून निकोलस विंटन हा इंग्रज तरुण आणि त्याचे सोबती यांनी ६६९ मुलं काढली. १ सप्टेंबर १९३९ ला आणखी एक मोठी गाडी निघायची होती, त्याच दिवशी युद्ध पेटलं आणि ती गाडी सुटलीच नाही. हे आईबाप कसले होते असं आज कुणी विचारत नाही, आजोबा, सगळे म्हणतात शहाणे होते.

आपल्याकडचं सांगू? तुमच्याहून वयानं मोठ्या कोल्हापूरच्या कुणाला वळिवडे विचारा. रशियानं पोलंडमधून उचलून सैबेरिया-कझाकस्तानात नेऊन टाकलेली माणसं १९४१ नंतर सुटली, त्यात अनाथ किंवा आईबापांपासून तुटलेली मुलं खूप होती. ती अश्काबादहून ट्रकांमधून इराणमार्गे क्वेट्ट्याला आणि तिथून इकडे आली. १९४२ मध्ये जामनगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहांनी बालाचडीला त्यांच्यासाठी छावणी उभारली, आणि १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश लोकांची वसाहत होती, बायका आणि मुलंच जास्त, १९४८ पर्यंत राहिली. शाळा, चर्च, दवाखाना सगळं होतं. वॉर्सात त्या जामसाहेबांच्या नावाचा चौक आहे आणि कोल्हापूरचंही स्मारक आहे. स्वतःचं राज्यच दुसऱ्याच्या हाताखाली असताना या संस्थानांनी परक्यांची पोरं ठेवून घेतली, आणि आज आपल्या मेसच्या दारात आलेल्या पोराला आपण विचारतो, तू हमारे यहाँ का है क्या.

नातवाला सांगा, फोन नंबर कपड्यावर आतून लिहिणारी आई निष्काळजी नसते.

माझी मैत्रीण सतरा वर्षांची आहे, धार जिल्ह्यात गावात राहते. बारावीला आहे. घरच्यांनी तिचं लग्न ठरवलंय, ती नको म्हणाली तर मोबाईल काढून घेतला. ती म्हणते आखातीजच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत मी रात्रीची बस पकडून इंदूरला तुझ्याकडे येते. मी हॉस्टेलला आहे. तिला लपवलं तर मी गुन्हेगार होईन का? आणि पोलिसांना सांगितलं तर ते तिला परत घरी नेऊन देतील ना? — एक मुलगी

बाळ, तुझं पत्र आलं त्याच दिवशी तुला वेगळं उत्तर पाठवलंय, इथं छापतेय ते बाकीच्या मुलींसाठी.

रात्रीची बस नको. एकट्या मुलीला त्या बसमध्ये आणि नंतर पहाटे स्टँडवर काय काय भेटू शकतं ते तिला ठाऊक नाही, गंगवाल असो की सरवटे, एकटी मुलगी हेरणारी माणसं तिथं असतातच. घर सोडायच्या आधी १०९८ लावायचा, तिच्याकडे फोन नाही तर तू लाव, गावाचं नाव, तिचं वय आणि लग्नाची तारीख सांग. लग्न लागायच्या आधीच थांबवता येतं. मुलीचं वय अठरा आणि मुलाचं एकवीस, हा २००६ चा कायदा आहे, लावून देणाऱ्या मोठ्यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, आणि मॅजिस्ट्रेटनं मनाईहुकूम दिल्यावरही लग्न लावलं तर ते लग्न धरलंच जात नाही. अक्षय्य तृतीयेला आपल्या माळव्या-निमाडात अशी लग्नं जास्त लागतात म्हणून प्रशासनही त्या दिवसांत सावध असतं, तेव्हा फोन वाया जात नाही.

परत घरी नेऊन देतील का, हा तुझा खरा प्रश्न. अठराच्या आत लग्नाचा धोका असलेली मुलगी म्हणजे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल, असं कायद्यातच लिहिलंय, त्यामुळे तिला समितीपुढे न्यावं लागतं, ठाण्यातून थेट बापाच्या हातात द्यायचं नसतं. समिती तिला बालिकागृहात ठेवू शकते, तिथून बारावीची परीक्षा देता येते. कित्येकदा आईबापांकडून लिहून घेतात की अठरापर्यंत लग्न करणार नाही आणि मुलगी घरी जाते. तो कागद चांगला, पण माझा त्यावर फार विश्वास नाही, पुढच्या आखातीजला तो कुठे असतो कुणास ठाऊक, म्हणून घरी पाठवलंच तर कुणीतरी दर महिन्याला येऊन बघून जाईल असं आदेशात लिहून मागायचं. तसं मागता येतं. दुसरीकडे न्यायची वेळ आली तर सोबत महिला पोलीस मागायची.

आणि समजा ती आलीच तुझ्या दारात, तर आत घे, जेवू घाल, झोपू दे, वॉर्डनबाईंना लगेच सांग आणि सकाळी फोन कर. लपवून ठेवू नकोस. तिच्यासोबत कुणी मुलगा येणार असेल तर तिला आधीच सांग की सगळं प्रकरण वेगळ्या वळणावर जाईल, तिच्या वयामुळे त्याच्यावर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागू शकतो आणि मग लग्नाची गोष्ट राहते बाजूला, सगळे त्या मुलामागे लागतात.

तुमचा सल्ला वाचून हसू आलं. माझं स्टेशनच्या समोर दुकान आहे, ही पोरं काय असतात ते आम्हाला विचारा. दिवसभर रुमालात पंक्चरचं सोल्युशन घेऊन हुंगतात, गिऱ्हाईकाची पर्स मारतात, हाकललं तर दगड मारतात. ही सुरक्षितता शोधायला आलेली नाहीत, मजा मारायला आलीत. — एक दुकानदार

दादा, तुमचं खरं आहे, दगड मारतात. सोल्युशन हुंगतात हेही खरं. पण तुम्ही बघता ते पोर स्टेशनवर आल्याला सहा महिने, वर्ष झालेलं असतं. मी म्हणतेय ते पोर आज दुपारच्या गाडीनं उतरलंय आणि तुमच्या दुकानासमोरच्या नळावर पाणी पितंय. त्याच्या अंगावर अजून घरचा शर्ट आहे, बटणं जागेवर आहेत, आणि ते कुणाच्या तरी मागे मागे चालतंय म्हणजे लोकांना वाटावं की हे त्यांच्यातलंच आहे. हे तुम्हाला रोज दिसत असणार, तुमची नजर माझ्यापेक्षा तयार आहे. पहिल्या एक-दोन दिवसांत त्याला कुणी ताब्यात घेतलं नाही तर दुसरं कुणीतरी घेतं, भंगारवाला घेतो, पाकीटमारांची टोळी घेते, नाहीतर 'चल बेटा होटल में काम दिला दूँ' म्हणणारा. रात्री प्लॅटफॉर्मवर झोप यावी आणि भूक मरावी म्हणून मोठी पोरं त्याला रुमाल देतात. त्यानंतर तो तुमच्या पर्सवाल्या गिऱ्हाईकापर्यंत येतो.

मजा मारायला येणारी मुलंही असतात, नाही कशाला म्हणू, मुंबई बघायची म्हणून निघालेली, रीलवाल्या हिरोला भेटायला निघालेली. ती दोन दिवसांत स्वतःच रडून घरचा नंबर सांगतात, त्यांना पाठवायला काही लागत नाही. न सांगणाऱ्यांबद्दल बोलूया. रेल्वे सुरक्षा दलाच्या 'नन्हे फरिश्ते' मोहिमेत २०१८ पासून मे २०२४ पर्यंत स्टेशनांवर आणि गाड्यांत ८४,११९ मुलं सापडली. इतकी सगळी मजा मारायला निघाली होती असं तुम्हालाही वाटत नसणार. आणि तुमच्या लायनीत जो कुणी शाळकरी पोराला सोल्युशनची ट्यूब विकतो, त्याला सांगा की मुलाला नशा देण्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. तुम्ही सांगितलंत तर ऐकेल, मी सांगितलं तर हसेल.

एक करता येईल का बघा. काउंटरवर १०९८ मोठ्या अक्षरात चिकटवा, हिंदीत, पोरांना वाचता येईल इतक्या उंचीवर. स्टेशनसमोरचं दुकान म्हणजे उतरल्यावर पहिलं दिसणारं दार आहे.

आम्ही दोघं निवृत्त, मुलं नाहीत. असं एखादं मूल घरी ठेवायचं तर दत्तकच घ्यावं लागतं का? या वयात देतील का? — पारसी मोहल्ला

(मेसवाल्या काकू, हे तुमच्यासाठीही.)

दत्तक वेगळं, त्यात मूल कायमचं तुमचं होतं आणि वयाची गणितं कडक आहेत. दुसरा मार्ग पालकत्व-सेवेचा, ज्याला सगळे फॉस्टर केअरच म्हणतात. मूल ठरावीक काळ तुमच्या घरी राहतं, शाळेत जातं, कायदेशीर नातं मात्र बदलत नाही, आणि त्याच्या घरची परिस्थिती सुधारली तर ते परत जाऊ शकतं. २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एकट्या व्यक्तीलाही अर्ज करता येतो. वयाला खालून आणि वरून मर्यादा आहे, तेव्हा निवृत्त असाल तर जन्मतारखेचा दाखला घेऊनच चौकशीला जा, नंतर हिरमोड नको. सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेतून अशा मुलासाठी महिन्याला ४,००० रुपये मिळायची तरतूद आहे. तेवढेच पैसे स्पॉन्सरशिपमध्येही मिळतात, म्हणजे घरी विधवा आई आहे, मारहाण नाही, फक्त पैसे नाहीत म्हणून पोर निघून आलंय, अशा घराला. मला विचाराल तर हे दुसरं जास्त व्हायला पाहिजे, कारण त्यातली पुष्कळ मुलं मग निघतच नाहीत.

काकू, तुम्हाला तोच मुलगा हवा असला तरी निवड तुमची नसते, समितीची असते, आणि आधी त्याच्या घरची चौकशी पूर्ण व्हावी लागते. दोघांचाही अर्ज जिल्हा बाल संरक्षण इकाईत द्यायचा, महिला व बाल विकास विभागाच्या ऑफिसात विचारलं की टेबल दाखवतात. दोघांचं आधार, उत्पन्नाचा दाखला, डॉक्टरचं फिटनेस आणि दोन-दोन फोटो जवळ ठेवा. ते घर बघायला येतात, तेव्हा खास आवरून ठेवू नका, खोली कशी आहे आणि संडासला आतून कडी आहे का एवढंच बघतात. जेवणाच्या वेळेला ऑफिसातला फोन बंद असतो, अकराच्या सुमाराला लावा.